गावी निघण्याआधी गाडीचा कर: थायलंडच्या ‘खोनसोंग’ची आगाऊ सेवा कशी आहे

थायलंडमध्ये नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या आणि स्वतःची मोटार किंवा दुचाकी बाळगणाऱ्या माणसाला दरवर्षी एक काम चुकत नाही, ते म्हणजे गाडीचा वार्षिक कर. हा कर मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून भरता येतो. आगाऊ भरला म्हणून एक दिवसही वाया जात नाही, आणि कागद बरोबर असतील तर गाडीतून न उतरता काही मिनिटांत काम होतं. भूपरिवहन खात्याच्या कार्यालयाला तिथे सगळे नुसतं ‘खोनसोंग’ म्हणतात. त्यांच्या या सेवेला आम्ही मोकळ्या मनाने चांगलं म्हणू. काम अडतं ते बहुतेक वेळा खिडकीवर नव्हे, खिडकीवर पोचण्याआधीच अडलेलं असतं: तीन कागदांपैकी एकाची तारीख चुकलेली असते. म्हणून इथे खिडक्यांइतकंच तारखांबद्दल लिहिलं आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्यांना हा प्रकार सुरुवातीला समजत नाही, कारण आपल्याकडे खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो. नोंदणी पंधरा वर्षं चालते, मध्ये विमा आणि पीयूसी सांभाळलं की झालं. थायलंडमध्ये गाडी रस्त्यावर आणायचा हक्क दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. कर भरला की नोंदणी त्या वर्षापुरती जिवंत, नाही भरला की गाडी दारात उभी असली तरी थकबाकीदार. करासाठी आधी सक्तीचा विमा हवा, आणि गाडी जुनी असेल तर त्याच्याही आधी तांत्रिक तपासणी. हाच क्रम धरायचा: तपासणी, विमा, कर.

आता पहिली गोष्ट, तारीख वाचणं. कर भरल्याची खूण म्हणून एक चौकोनी कागदी पट्टी मिळते. लोक तिला अजून ‘पाय वोंगक्लोम’ म्हणजे गोल पाटी म्हणतात, कारण पूर्वी ती गोल असायची. हिच्यावर मुदतीचा दिवस, महिना आणि वर्ष थाई लिपीत असतं, वर्ष बुद्ध संवताचं. त्यातून ५४३ वजा केले की आपलं इसवी सन निघतं, म्हणजे २५६९ हे २०२६. पंचांगातल्या शकात ७८ मिळवायची सवय असलेल्या माणसाला हे अवघड नाही. महिन्यांची नावं तर आपल्या राशींचीच आहेत. मकराखोम म्हणजे जानेवारी, मीनाखोम मार्च, मेसायोन एप्रिल, मिथुनायोन जून, सिंहाखोम ऑगस्ट, तुलाखोम ऑक्टोबर. ज्या नावाच्या शेवटी ‘खोम’ तो एकतीस दिवसांचा, ‘योन’ तो तीस दिवसांचा, आणि फेब्रुवारीचा शेवट दोन्हींपेक्षा वेगळा. पट्टीवर मात्र पूर्ण नाव नसून दोन अक्षरी संक्षेप असतो. मार्च आणि जून यांच्या संक्षेपाचं पहिलं अक्षर एकच आहे, वरच्या वेलांटीत एका बारीक रेघेचा फरक. तेवढ्यावर विसंबू नका, दुसरं अक्षर बघा. मार्चला जून समजलात तर तीन महिने बिनकराची गाडी चालवाल. खात्री करायची असेल तर नोंदणी पुस्तिका उघडा. मोटारीची निळी असते, दुचाकीची हिरवी. कराच्या नोंदी सोळाव्या पानापासून सुरू होतात, आणि शेवटच्या ओळीत पुढची मुदत छापलेली असते.

आगाऊ भरण्याचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. मुदत १४ जून २०२६ आहे. नव्वद दिवस मागे गेलं की १६ मार्च येतो. त्या दिवसापासून कर घेतला जातो. ‘तीन महिने’ असं मनात धरून १४ मार्चला खिडकीवर उभं राहिलात तर हेलपाटा पडेल, कारण मोजायचे ते दिवस. १६ मार्चला भरलात काय किंवा १३ जूनला भरलात काय, नवी मुदत १४ जून २०२७ हीच छापून येते. त्यामुळे लवकर जाण्यात काडीचंही नुकसान नाही. एप्रिल-मे मध्ये मुलांच्या सुट्टीला पुण्या-नागपूरला जाऊन जूनच्या मध्यावर परतणाऱ्या कुटुंबाने हे काम मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातच उरकावं. एप्रिलमध्ये १३ ते १५ सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची सुट्टी असते, सरकारी कार्यालयं बंद, आणि त्याआधीच्या आठवड्यात गावाकडे निघालेल्या थाई लोकांचीही खोनसोंगमध्ये हीच धावपळ चाललेली असते. मार्चमध्ये गेलं की गर्दी कमी.

नव्वद दिवसांची ही खिडकी आमच्या मते थोडी अरुंद आहे. फेब्रुवारीत भारतात जाऊन जुलैत परतणाऱ्याला ती पुरत नाही. पण त्यावर उपाय आहे, तो पुढे सांगतो.

तपासणी कोणाला लागते? मोटारीला नोंदणीपासून सात वर्षं झाली की, आणि दुचाकीला पाच. हे वय तुम्ही कर भरायला गेलात त्या दिवशी मोजत नाहीत, कराची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवसापर्यंत मोजतात. त्यामुळे सहा वर्षं नऊ महिन्यांची मोटार घेऊन आगाऊ गेलं आणि तपासणी टाळली, असं होत नाही. ही तपासणी खासगी केंद्रांवर होते. त्यांना त्यांच्या थाई आद्याक्षरांवरून ‘तॉ-रॉ-ऑ’ म्हणतात, आणि मोठ्या रस्त्यांवर ती जागोजागी दिसतात. काही केंद्रं फक्त दुचाकी घेतात, म्हणून मोटार घेऊन आत शिरण्याआधी विचारावं. दुचाकीचे ६० बात (बात हे थाई चलन), साध्या मोटारीचे २०० बात. दाखला कराची मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपर्यंतचा चालतो, म्हणजे तपासणी आणि कर दोन्ही एकाच नव्वद दिवसांत बसवायचं आहे.

या केंद्रावर पंधरा-वीस मिनिटं उभं राहून बघण्यासारखं असतं. आधी माणूस टॉर्च घेऊन चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक शोधतो आणि पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहतो. मग पुढचे दिवे, सिग्नल, ब्रेकचा दिवा, हॉर्न. मोटारीची चाकं रुळांवर चढवून ब्रेकची पकड डाव्या-उजव्या बाजूला सारखी आहे का ते यंत्रावर पाहतात. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून धूर मोजतात. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन, डिझेलमध्ये काळा धूर. दुचाकीच्या आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे.

नापास होण्याची कारणं ठरलेली असतात. जुन्या दुचाकीवर चासी क्रमांक गंजाखाली बुजलेला असतो. समुद्रकाठी, पट्टाया-फुकेतकडे, हे सर्रास होतं, कारण खारी हवा लोखंड खाते. घरूनच ओल्या फडक्याने आणि तारेच्या मऊ ब्रशने क्रमांक साफ करून जावा. खरवडून मात्र काढू नका, आकड्याची कड गेली तर संशय वाढतो. दुसरं कारण बदललेला सायलेन्सर: दुकानातून बसवलेला आवाजी पाइप ९५ च्या वर जातो. तिसरं, ब्रेकचा जळालेला बल्ब, ज्याकडे चालवणाऱ्याचं कधीच लक्ष नसतं. मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक दाबून बघा. चौथं कारण रंग. पुस्तिकेत गाडीचा रंग नोंदलेला असतो, तुम्ही रंग बदलला किंवा पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाची फिल्म चढवली आणि खोनसोंगला सात दिवसांत कळवलं नसेल तर ते प्रकरण इथे उघड होतं.

आणि धूर. थंड इंजिन घेऊन पहाटे पहिल्या नंबरला गेलेली चांगली पेट्रोल गाडीसुद्धा नापास होऊ शकते. थंड असताना इंजिन हवेच्या मानाने जास्त पेट्रोल घेतं, आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून केंद्रावर जाताना वीस मिनिटं गाडी चालवून जा, आणि रांगेत नंबर येईपर्यंत इंजिन बंद करू नका. डिझेल पिकअपचं दुखणं वेगळं. काळ्या धुराची मर्यादा २०२२ पासून ४५ टक्क्यांवरून ३० टक्के अपारदर्शकतेवर आणली आहे. तुंबलेला एअर फिल्टर हे सगळ्यात स्वस्तात सुटणारं कारण, इंजेक्टर हे महागडं. म्हणून आधी फिल्टर बदलून बघा.

नापास झालात तरी घाबरायचं कारण नाही. दुरुस्ती करून पंधरा दिवसांच्या आत त्याच केंद्रावर परत गेलं की अर्धी फी घेऊन पुन्हा तपासतात. पण विमानाचं तिकीट चार दिवसांवर असताना पहिली तपासणी केलीत तर या पंधरा दिवसांचा उपयोग नाही. म्हणून जुन्या गाडीची तपासणी निघण्याच्या तीन आठवडे आधी करावी, असा आमचा आग्रह आहे. दुसऱ्या बाजूनेही तेच खरं आहे. दोन महिने उभी राहिलेली गाडी परत आल्यावर तपासणीला नेली तर बॅटरी उतरलेली असते, टायर बसलेले असतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढलेला असतो. मे मध्ये पाऊस सुरू झाला की हे आणखी लवकर होतं. निघण्याआधी रोज चालणारी गाडीच सगळ्यात चांगली पास होते.

दुसरा कागद सक्तीचा विमा, ‘फॉ-रॉ-बॉ’. ही राजाज्ञेने झालेल्या कायद्याच्या थाई नावाची आद्याक्षरं आहेत. हा कायदा १९९२ चा. या विम्यातून फक्त माणसांना भरपाई मिळते: दोष कोणाचा हे ठरण्याआधी उपचारासाठी ३०,००० बातपर्यंत, दोष नसल्याचं सिद्ध झाल्यावर ८०,००० पर्यंत, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी ५,००,०००. गाडीच्या नुकसानीचा यात एक बातही मिळत नाही, त्यासाठी ऐच्छिक विमा वेगळा घ्यावा लागतो. ऐच्छिक पहिल्या श्रेणीचा विमा आहे म्हणून फॉ-रॉ-बॉ असेलच असं गृहीत धरू नका. काही एजंट दोन्ही एकत्र देतात, काही नाही. खिडकीवर मागतात तो हाच.

हप्ता सगळीकडे जवळपास सारखाच असतो. सात आसनांपर्यंतच्या मोटारीला करांसह ६४५.२१ बात, सामान वाहून नेणाऱ्या पिकअपला ९६७.२८, सातपेक्षा जास्त आणि पंधरापर्यंत आसनांच्या व्हॅनला १,१८२.३५. दुचाकीत ७५ ते १२५ सीसीला ३२३.१४, १२५ ते १५० ला ४३०.१४, त्याच्या वर ६४५.२१. घासाघीस करायला इथे जागा नाही, म्हणून वेळ घालवू नका. लक्ष घाला ते विम्याच्या सुरुवातीच्या तारखेत.

चूक इथेच होते, आणि महाग पडते. मार्चमध्ये दुकानात जाऊन नुसतं ‘फॉ-रॉ-बॉ द्या’ म्हटलं की दुकानदार आजच्या तारखेपासून पॉलिसी काढून देतो. जुनी पॉलिसी जूनपर्यंत चालू असताना तुम्ही तीन महिन्यांचे पैसे दुप्पट भरता, आणि पुढच्या वर्षी विमा कराच्या तीन महिने आधी संपतो. मग कर आहे पण विमा नाही अशी गाडी घेऊन तुम्ही फिरत असता, आणि पट्टी काचेवर ठणठणीत दिसत असल्याने तुम्हाला पत्ताच नसतो. जुनी पॉलिसी दाखवा आणि ती जिथे संपते तिथूनच नवी सुरू करायला सांगा. पुढच्या तारखेची पॉलिसी निघते, आणि आगाऊ कर भरताना ती चालते. उलट टोकाला, तीन महिन्यांहून कमी उरलेली जुनी पॉलिसी एकटी घेऊन खिडकीवर जाऊ नये. फॉ-रॉ-बॉशिवाय गाडी चालवली तर दहा हजार बातपर्यंत दंड आहे, आणि अपघात झाला तर दंड हा त्यातला सगळ्यात छोटा खर्च ठरेल.

आता खुद्द कर. सात आसनांपर्यंतच्या खासगी मोटारीचा कर इंजिनच्या सीसीवर असतो. पहिल्या ६०० सीसीला प्रत्येकी ५० सतांग म्हणजे अर्धा बात, ६०१ ते १८०० ला दीड बात, त्याच्या वर चार बात. १,४९८ सीसीच्या गाडीचे ३०० अधिक १,३४७, एकूण १,६४७ बात. १,९९८ सीसीला तोच आकडा २,८९२ वर जातो, कारण १८०० च्या पुढचा प्रत्येक सीसी महाग आहे. गाडी जुनी झाली की कर उतरतो: सहाव्या वर्षी १० टक्के, मग दरवर्षी आणखी १० टक्के, दहाव्या वर्षापासून निम्मा. म्हणजे बारा वर्षांच्या १,४९८ सीसीच्या मोटारीचा कर ८२३.५० बात, विमा ६४५.२१, तपासणी २००, सगळं मिळून १,६६८.७१. दुचाकीचा कर सरसकट १०० बात. सव्वाशे सीसीच्या पाच वर्षं उलटलेल्या स्कूटरचा पूर्ण खर्च ४८३.१४. पिकअपचा आणि मोठ्या व्हॅनचा कर वजनावर ठरतो, विजेच्या मोटारींचाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सीसीवरचा कर दुप्पट लागतो. रयोंगच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांनी कंपनीची गाडी स्वतःकडे घेण्याची बोलणी करताना हे ध्यानात ठेवावं.

कुठे भरायचा, यात निवड आहे, आणि आमचा कौल स्पष्ट आहे: खोनसोंगची गाडीतल्या गाडीत कर भरण्याची रांग. बँकॉकमध्ये मुख्यालय चतुचकला, शिवाय बांग खुन थियन, तालिंग चान, सुखुमवित ६२/१ आणि नोंग चोक इथे विभागीय कार्यालयं. प्रत्येक प्रांतात एक आहेच. गाडीची नोंदणी चियांग मायची असली तरी कर बँकॉकमध्ये भरता येतो, ही मोठी सोय. रांगेत गाडी घ्यायची, खिडकीवर पुस्तिका, फॉ-रॉ-बॉचा करभरणीसाठीचा तुकडा आणि तपासणीचा दाखला द्यायचा, ‘तॉ फासी’ म्हणायचं. आगाऊ असेल तर ‘लुआंग-ना’. पैसे दिले की पावती, पट्टी आणि पुस्तिकेत छापलेली नवी ओळ हातात येते. पासपोर्ट, व्हिसा, वर्क परमिट यातलं काही मागत नाहीत. गाडी विकत घेताना वास्तव्याच्या दाखल्यासाठी जी वणवण होते तिच्या तुलनेत हे फारच सुटसुटीत आहे. सरकारी वेळ साडेआठ ते साडेचार, पण दुपारी तीनच्या आत पोचावं. फलक थाईत आहेत, तेवढी एक उणीव. ‘रोत’ म्हणजे गाडी, मूळ शब्द आपलाच रथ, आणि ‘फासी’ म्हणजे कर. फलकावरचे हे दोन शब्द थाई लिपीत ओळखता आले की चुकीच्या रांगेत जाणं टळतं.

शनिवार-रविवारी बँकॉकच्या काही बिग सी दुकानांत खोनसोंगचंच टेबल असतं. नोकरदारांना बरं. सेव्हन-इलेव्हनच्या काउंटरवरही भरता येतो, पण तपासणी न लागणाऱ्या, म्हणजे सात वर्षांखालच्या मोटारी आणि पाच वर्षांखालच्या दुचाकींसाठीच. पट्टी नंतर टपालाने येते. सुट्टीला निघण्याच्या आठवड्यात हा मार्ग घेऊ नका, पट्टी तुमच्या रिकाम्या घराच्या दारात येऊन परत जाईल.

ऑनलाइन सेवा परदेशी माणसाच्या हिशेबाने सगळ्यात कमकुवत आहे. सगळं थाईत, आणि मांडणी तेरा अंकी थाई ओळखक्रमांकाभोवती. गुलाबी ओळखपत्र असलेल्या परदेशी रहिवाशाकडे असा क्रमांक असतो, बाकीच्यांनी यात दुपार घालवण्यापेक्षा खिडकी गाठावी. वय झालेल्या गाडीला इथेही आधी तपासणी लागतेच.

तॉ-रॉ-ऑ केंद्रांपैकी बरीच विमा आणि कर ही दोन्ही कामंही करून देतात. वर साधारण शंभर-दोनशे बात घेतात, पट्टी काही दिवसांनी मिळते. ज्यांचं खोनसोंग लांब आहे त्यांना हे परवडण्यासारखं आहे. दोन अटी मात्र पाळा: पुस्तिका देताना पावती घ्या, आणि परत घेताना सोळाव्या पानानंतरची नवी ओळ छापली आहे का ते तिथेच उघडून बघा. नुसती फोटोप्रत देऊनही कर भरता येतो, पण मग पुस्तिकेत नोंद उमटत नाही आणि गाडी विकताना ती उमटवून घ्यायला वेगळी फेरी पडते. कर्जावर घेतलेल्या गाडीची मूळ पुस्तिका वित्तकंपनीकडे असते. तिथे प्रत वापरण्यावाचून इलाज नाही, आणि ती चालते.

आता ज्यांना नव्वद दिवसांची खिडकी पुरत नाही त्यांच्यासाठी. कर भरायला मालकाने स्वतः यावं लागत नाही, मुखत्यारपत्रही लागत नाही. कागद घेऊन कोणीही जाऊ शकतो. तपासणी न लागणारी गाडी असेल तर शेजाऱ्याकडे किंवा ऑफिसातल्या थाई सहकाऱ्याकडे पुस्तिका आणि पुढच्या तारखेची पॉलिसी ठेवून निर्धास्त जा. पॉलिसी भारतात बसून ऑनलाइन काढून त्यांना पाठवताही येते. वय झालेल्या गाडीसाठी मात्र किल्लीही द्यावी लागेल, कारण गाडी केंद्रावर न्यावीच लागते, आणि ज्याला किल्ली देता त्याच्याकडे थायलंडचा चालू परवाना असल्याची खात्री करा. पुस्तिका सूटकेसमध्ये घालून मुंबईला नेऊ नये. बरेचजण महत्त्वाचा कागद म्हणून जपायला सोबत नेतात, आणि मग इथल्या माणसाचे हात बांधले जातात.

उशीर झाला तर काय? करावर महिन्याला एक टक्का. १,६४७ बातवर ते साडेसोळा बात होतात, म्हणजे त्याची फार चिंता नको. मुदत संपलेली पट्टी घेऊन पोलिसाला सापडलात तर दोन हजारांपर्यंत दंड. पण वर्षाच्या पुढे गेलात तर खासगी केंद्र चालत नाही, गाडी थेट खोनसोंगमध्ये तपासणीला न्यावी लागते. आणि तीन वर्षं उलटली की नोंदणीच रद्द होते, नंबरपाटी परत करून नव्याने नोंदणी करावी लागते आणि थकलेला करही भरावा लागतो. दोन वर्षांच्या बदलीवर भारतात किंवा सिंगापुरात गेलेल्यांनी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचा कर थकवू नये तो यासाठी.

एक अडथळा नवा आहे, आणि तो अनेकांना खिडकीवर पोचल्यावरच कळतो. १ एप्रिल २०२३ पासून वाहतुकीचा दंड थकलेला असेल तर कर घेतात, पण पट्टी देत नाहीत. त्याऐवजी तीस दिवसांचा तात्पुरता कागद मिळतो. तेवढ्यात दंड भरून खरी पट्टी घ्यायची. तुम्ही त्या तीस दिवसांत नाशकात असाल तर परतल्यावर हातात मुदत संपलेला कागद. महामार्गावरच्या कॅमेऱ्याच्या वेगमर्यादेच्या पावत्या टपालाने नोंदणीच्या पत्त्यावर जातात, आणि घर बदललेल्या माणसाला त्या मिळतच नाहीत. निघण्याआधी पोलिसांच्या ई-तिकीट संकेतस्थळावर पाटीचा क्रमांक घालून बघा आणि काही असेल तर आधी फेडा.

गॅसवर चालणारी गाडी असेल तर टाकीच्या तपासणीचा दाखलाही जोडावा लागतो. सीएनजीचा दरवर्षी, एलपीजीचा दर पाच वर्षांनी. हा दाखला साधं तॉ-रॉ-ऑ देत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त गॅस तपासनीसाकडे जावं लागतं, आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी पुस्तिकेच्या अठराव्या पानावर, जिथे अधिकारी बदल नोंदवतात, गॅस बसवल्याची किंवा काढल्याची नोंद आहे का ते बघावं. टाकी काढली पण नोंद तशीच राहिली, तर खिडकीवर दाखला मागितला जाणारच.

पट्टी हातात आली की ती मोटारीच्या पुढच्या काचेला आतून, डाव्या बाजूला लावा, आणि जुनी काढा. दोन पट्ट्या शेजारी असल्या की पोलीस जुनीच आधी वाचतो. कागद उन्हाने फिका पडतो, म्हणून पारदर्शक पाकिटात घालून लावावी. दुचाकीला नंबरपाटीजवळ लावायचा पाणी न शिरणारा चौकोनी साचा दुकानात मिळतो. नुसती सीटखाली ठेवलीत तर पावसाळ्यात लगदा होतो आणि दुसरी प्रत काढायला पुन्हा खोनसोंग. लावण्याआधी पट्टीचा, पावतीचा आणि पुस्तिकेतल्या नव्या ओळीचा एकेक फोटो काढून ज्याच्याकडे किल्ली ठेवणार त्याला पाठवून द्या, आणि पुढच्या वर्षीच्या मुदतीतून नव्वद दिवस मागे मोजून ती तारीख आताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.